पाणी पिऊन दिलेला सांगावा

माझं पाय चांगलं हायती. बाकी माझ्यात चांगलं म्हणावं असं काय न्हाय, हे माझी आई सांगायची, मग बायको सांगायची, आन् आता सून सांगतीया. हे लिहून बी तीच घेतीया. ती चार बुकं शिकली, मी शाळंच्या भिंतीला फकस्त म्हशी बांधल्या. तवा ह्यात कुटं काय बरं दिसलं तर ते तिचं, आन् येडंविद्रं दिसलं तर ते माझं.

महाराजांच्या राज्यातली गोष्ट हाय. कोल्हापुरात प्लेग येऊन गेलता. आमच्या पेठंतली घरंच्या घरं त्येनं धुऊन न्हेली, मला तेवढं सोडलं. आई म्हणायची, "त्येला बी कळलं असंल, ह्येला न्हेलं तर बसून खायला घालावं लागंल." त्येच्या पुढं कवातरी पश्चिमेच्या डोंगरात घाटाचा रस्ता काढायचं काम निघालं. आईनं भाकरी बांधून दिली आन् म्हणाली, "जा. दगूड फोड. दगडाला दगूड भेटू दे."

गेलो. काम असं हुतं, कड्याला भोक पाडायचं, त्येच्यात दारू ठासायची, वात लावायची आन् कडा उडवायचा. भोक पाडताना एकानं पहार धरायची, दुसऱ्यानं वरनं घण हाणायचा. मला पहार धराय दिली. घण वर गेला की मी डोळं मिटायचो. हाणणारा गडी पयल्याच दिवशी म्हणाला, "आरं, डोळं मिटायचं तर मी मिटतो. हात तुझा हाय, तू तरी उघडं ठेव!" दुसऱ्या दिवशी त्येनं घण खाली ठेवला आन् मुकादमाला सांगितलं, ह्येचा हात माझ्या हातनं तुटणार, मला पाप नको.

मग मुकादमानं मला लाल फडकं दिलं. वात लागली की फडकं हलवायचं आन् वरडायचं, "उडतोय! पळा!" मग सगळी गेली का बघायचं, आन् शेवटाला आपण पळायचं. ह्यातलं वरडणं आन् पळणं मला चांगलं जमायचं. मधलं ऱ्हायचं.

घाटात मुलखामुलखाची माणसं हुती आन् ज्येच्या त्येच्या टोळ्या निराळ्या. कोकणातली खाली उतरणीला, कागलाकडची वड्याच्या काठाला, आन् गडहिंग्लजाच्या पलीकडली, निम्मं कानडी बोलणारी, पार वर कड्याला लागून. जेवायला बसली तरी निराळी. मरायची बी निराळी. हे मी माझ्या अकलंनं सांगत न्हाय, मला तेवढी न्हाय. एक डाव कोल्हापुरातनं सरकारी कारकून आला. त्येनं टोपी नीट करत मुकादमाला इचारलं, कुटल्या भागातली माणसं जास्त मरत्यात आन् कशानं?

मुकादम म्हणाला, "रावसाहेब, देशावरचा मरतो हिवतापानं. हितला पाऊस आन् हितलं डास त्येला सोसत न्हाईत. कोकणातल्याला ताप काय करत न्हाय, त्यो पडून मरतो. जल्मभर माडावर चढलेला, त्येला उंचीचं भ्याच न्हाय. आन् दक्षिणेकडचा मरतच न्हाय. ती हिरी खणणारी जात. सुरुंगाच्या दारूच्या वासात वाढल्यात."

कारकुनानं लिहून घेतलं. मग मी तितं दात काढत उभा हुतो म्हणून मला इचारलं, "तुला काय वाटतंय? कोण जास्त मरतंय?"

"जी काम करत्यात ती," मी म्हणलं.

"म्हणून ह्यो अजून जिता हाय," मुकादम म्हणाला. कारकून बी हसला. ते त्येनं लिहून घेतलं का न्हाय, कुणाला ठावं.

माणूस गेला की त्येच्या घरी सांगावा न्यायला पायजे. कामाचा गडी कोण धाडंल? मुकादम म्हणाला, "तुझं पाय तेवढं कामाचं हायती, तू जा." तवापासनं ते माझ्याकडं लागलं. त्येची रीत हाय. दारात उभं ऱ्हायचं. उंबरा वलांडायचा न्हाय, बसायचं न्हाय, 'गेला' म्हणायचं न्हाय. म्हणायचं, "आजारी हाय, चला." आन् त्या घरचं पाणी प्यायचं न्हाय. पाण्याचा तांब्या फुडं आला आन् आपण मान हलवली, की घरातल्यांनी काय समजायचं ते समजत्यात. बाया रडाय लागत्यात. आपल्याला तोंड उघडायची गरज पडत न्हाय. येड्याला बी जमंल असं काम, म्हणूनच मला दिलं.

पण माझं डोकं फिराय लागलं ते ह्याच कामानं. खाली कोकणात गेलो, मान हलवली, तर बाईनं पयलं इचारलं, "माडावरनं पडलं?" मी म्हणलं न्हाय, तापानं गेला. ती माझ्याकडं अशी बघाय लागली जसा मी घर चुकून आलोय. कागलाकडं गेलो तर म्हातारा म्हणाला, "चरकात हात गेला व्हय?" आता घाटात कुटला ऊस आन् कुटला चरक! पन्हाळ्याच्या अंगाला एका घरात इचारलं, "गव्यानं मारलं?" दर गावाला आपलं एक मरण ठरलेलं असतं. ते असलं तर रडत्यात. दुसरं सांगितलं की रडायच्या आदी भांडत्यात. "त्यो असा मरणारच न्हाय," म्हणत्यात. मी सारखा म्हणायचो, "चुकलं माझं." काय चुकलं, मला म्हाईत नसायचं.

आता खरी गोष्ट.

वरच्या टोळीत गडहिंग्लजाच्या पलीकडला एक गडी हुता. हिरी खणणाऱ्याच्या घरातला. दगडाला मूठ मारून ऐकायचा आन् सांगायचा, हितं भोक पाडा, हितं नको. माझ्या मस्करीला सगळी शिव्या द्यायची, त्यो एकटा हसायचा. तेवढ्यासाठी मी त्येच्या आसपास घुटमळायचो.

त्या दिवशी दुपारी वात लागली. मी फडकं हलवलं, वरडलो, पळालो. सगळ्यांच्या फुडं. मागं सुरुंग उडाला. धूळ बसली तवा बघतोय तर एक माणूस कमी. गेलो तर त्यो कड्याच्या बुडाला. सुरुंगाचा एक बी दगूड त्येला लागला न्हवता. पण हादऱ्यानं वरची दरड सुटली, ती सरळ कड्याला धरून खाली आली. दगूड बाजूला केलं तवा त्यो कड्याला पोट लावून हुता, दोनी हात पसरलेलं, तळवं दगडाला.

"पळाला का न्हाय ह्यो?" सगळी एकमेकाला इचारत हुती. पायाला काय झालं न्हवतं. ऐकाय येत हुतं. माझा आवाज तर म्हसोबाला उठवंल असला. कुणालाच उमगंना. मला तर अजिबातच न्हाय. एवढंच उमगलं, मागं वळून बघितलं असतं तर त्यो मला दिसला असता.

उन्हाळ्याचं दिवस, थांबाय येत न्हवतं. त्याच दिवशी वड्याला अग्नी दिला. मुकादम म्हणाला, "तिसऱ्या दिवशी अस्थी गाडग्यात भरून उंबराच्या झाडाला टांगून ठेवतो. तू त्येच्या बापाला घेऊन ये." त्येच्या शेजारच्या गावचं दोघं टोळीत हुतं. ती म्हणाली, आम्ही न्हाय जाणार, त्या म्हाताऱ्याला कुटल्या तोंडानं सांगू? मला तोंडाची अडचण कवाच नसती. दुसऱ्या दिवशी पहाटं मी निघालो.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्या गावात पोचलो. पायाखाली काळी माती तापून तव्यागत झालती. जीभ टाळ्याला चिकटलेली. घर इचारत गेलो तर दारात त्येची आई. तिनं मला लांबनं येताना बघितलेलं. मी तोंड उघडायच्या आदी ती आत गेली आन् वाटीत गूळ आन् पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"घ्या पावणं. लई लांबनं आल्यागत दिसताय."

मी घेतला. गूळ तोंडात टाकला आन् तांब्या वर केला, त्यो रिकामा झाल्यावरच खाली आला. तिनं दुसरा आणला. त्यो बी प्यालो. गूळ चावता चावता मला आठवलं, आपण कशाला आलोय.

आता गूळ थुकावा तर ते बी बरं दिसंना. गिळला.

"घाटावरनं आलोय," मी म्हणलं. "तुमचा थोरला आजारी हाय. चला."

तिच्या हातातल्या वाटीतलं गुळाचं खडं खाली पडलं. तिनं पयलं माझ्या तोंडाकडं न्हाय बघितलं, तांब्याकडं बघितलं. तेवढ्यात म्हातारा मागल्या दारानं आला, हातात वळत असलेला दोर. "काय झालं?" त्येनं इचारलं.

"पोरगं आजारी हाय म्हणं," ती म्हणाली. आन् मग, जसं सपनातनं उठावं तसं मोठा श्वास घेतला. "पाणी प्यालाय ह्यो पावणा. आजारीच हाय."

त्येच येळंला सांगायचं हुतं. म्हणायचं हुतं, मावशी, मी येडा हाय, माझ्या पाण्यावर जाऊ नगा. पण म्हातारी हसली की. डोळ्यातनं पाणी आन् तोंडावर हसू. मी बी हसलो. कुणी हसलं की मला बी हसायची खोड हाय, त्येला काय करू?

तिनं भाकऱ्या बांधल्या, लसणाची चटणी बांधली, काडेचिराईताचं गाठोडं बांधलं, ताप असंल म्हणून. म्हाताऱ्यानं धाकट्याला हाक मारली. धाकटा लगीन झालेला, थोरल्याच्याच वाणी खांद्यानं रुंद. "अप्पा, मी येतो," म्हणाला. "तू बैलांकडं बघ," म्हातारा म्हणाला. "आजारी तर हाय. आठ दिसात घेऊन येतो."

निघालो. मी मनाशी ठरवलं, गडहिंग्लज आलं की सांगायचं. गडहिंग्लज आलं, बाजाराचा दिवस हुता, म्हाताऱ्यानं थोरल्यासाठी खारकंचं पुडकं घेतलं. म्हणलं, उत्तूर आलं की सांगू. उत्तूरला त्येनं मला इचारलं, "तम्मा," म्हंजे कानडीत धाकट्या भावा, "तुला घरात कोण कोण?" मी माझ्या बायकोची नक्कल करून दाखवली. म्हातारा एवढा हसला की रस्त्याकडंला बसला. थोरला बी तसाच हसायचा, पोटाला हात लावून. आता हसणाऱ्या माणसाला कसं सांगायचं? आन् मी बोलायचं थांबलो की त्यो पोराचं इचारणार, म्हणून मी बोलतच सुटलो. जेवढं हसवलं तेवढं सांगणं लांब गेलं. गारगोटीपत्तोर मी माझ्या जल्मातली सगळी फजिती त्येला सांगून टाकली. तेवढी सोडून.

एका देवळापाशी सावलीला बसलो तवा त्येनंच काढलं. "तुमच्याकडं दगडानं माणसं लई मरत्यात म्हणं."

"मरत्यात अधनंमधनं."

"पळत असतील."

"मग काय नाचायचं व्हय, अप्पा?"

"पळणारा मरतो," म्हातारा म्हणाला. "आमच्यात तीस हात हिरीत सुरुंग लावला आन् वर यायला येळ न्हाय गावला, तर काय करायचं, सांग."

"मरायचं."

"ख्यॅक! म्हणून तू फडकं हलवतोस. भिंतीला चिकटायचं. ऊठ, दावतो." आन् उठून देवळाच्या भिंतीला चिकटला की त्यो. पोट भिंतीला, गाल भिंतीला, दोनी हात पसरून तळवं दगडाला. "दगूड वर जातोय, आन् खाली येतोय त्यो मधी. भिंतीला चिकटलेल्याला काय करत न्हाय. मी असाच वाचलोय, एक डाव न्हाय. थोरल्याला पयलं हेच शिकवलं. चालायच्या आदी शिकवलं म्हण की."

तळवं बघितलं मी. पसरलेलं, दगडाला टेकलेलं. तसंच.

मी बसलोच खाली. उन्हानं म्हणलं. म्हातारा म्हणाला, "पाणी पी." प्यालो. परत प्यालो बघा! त्येच्या हातचं पाणी प्यायची मला सवयच लागलती.

त्येच्या पुढची वाट माझ्या ध्यानात न्हाय. डोक्यात नुसता घोळ. म्हणजे बानं पोराला जगायला शिकवलं, आन् पोरगं त्येच शिकवणीनं गेलं. हिरीत जे वाचवतं ते कड्यावर मारतं. कड्यावर मी पळालो म्हणून वाचलो, पण हिरीत मी पळालो असतो तर कुटं, हिरीतल्या हिरीत गोल? मग खरं कुणाचं? म्हाताऱ्याचं का माझं? आन् ह्यातलं म्हाताऱ्याला किती सांगायचं? मेला एवढं? का कसा मेला ते बी? एक सांगितलं की दुसरं इचारणारच त्यो. मी दर झाडाला ठरवायचो आन् फुडच्या झाडाला मोडायचो.

घाटाच्या पायथ्याला वडा लागतो. तितं म्हाताऱ्यानं पाय धुतलं, तोंड धुतलं, पटका सोडून नीट बांधला. पोराला भेटायचं म्हणून. मग तांब्या भरून माझ्याफुडं केला. "पी. आता चढ हाय."

मी मान हलवली.

ठरवून न्हाय हलवली. ती आपली हलली.

"घे की."

"नको अप्पा."

तांब्या तसाच फुडं. त्येनं माझ्याकडं बघितलं, मग तांब्याकडं बघितलं, मग परत माझ्याकडं. त्येनं तांब्या हळू उपडा केला आन् खाली दगडावर ठेवला.

"कवा?"

"मी तुमच्याकडं निघायच्या आदल्या दिवशी."

"मग घरात पाणी का प्यालास?"

आता काय सांगू? "तहान लागलती," मी म्हणलं.

त्यो खाली बसला. शिव्या देईल वाटलं, मारंल वाटलं. मी गाल बी तयार ठेवला. त्यो एवढंच म्हणाला, "तितं ती तुझ्या पाण्यावर भरवसा ठेवून बसलीया रं." आन् पटक्याचा सोगा तोंडाला लावला.

मी त्येच्या बाजूला उभा. बसायचं का न्हाय, ते बी कळंना. रीतीत ते न्हाय.

मग त्येनं इचारलं. "कशानं?"

"तापानं," मी म्हणलं.

जीभ अशी चटकन वळली. खोटं बोलायला मला कवाच कष्ट पडलं न्हाईत. वाटलं, एवढं तरी म्हाताऱ्याला ऱ्हाऊ दे.

"ताप," त्यो म्हणाला. काडेचिराईताचं गाठोडं हातात घेऊन बघत बसला. "दगडानं न्हाय न्हवं?"

"न्हाय."

"वाटलंच. दगूड त्येला काय करणार न्हाय." मग उठला, माझ्या खांद्याला धरून. "त्येची जागा दुसऱ्या गावचा घेईल. त्येच्या आदी मुकादमाला सांगतो, धाकट्याला धाडतो म्हणून. तापाचं औषध संगं देतो. बाकी त्येला शिकवायला नको. भिंतीला चिकटायचं त्येला बी येतंय."

चढ चढताना मला धाप कवा लागत न्हाय. त्या दिवशी लागली.

वर गेलो. उंबराला गाडगं टांगलेलं. मुकादमानं सोडून म्हाताऱ्याच्या हातात दिलं. त्येनं ते पोटाशी धरलं, ल्हान लेकरू धरावं तसं. टोळ्या काम थांबवून जमल्या, कोकणातली, कागलाकडची, सगळी. म्हातारा म्हणाला, "त्यो ऱ्हायचा ती जागा बघतो." बघितली. मग मुकादमाला म्हणाला, "धाकटा हाय माझा. त्येच्या जागंवर घेशील?"

"घेतो की," मुकादम म्हणाला. "तुमची माणसं म्हंजे सोनं."

मला वाटलं, कसा मेला ते मुकादम सांगंल. मुकादमाला वाटत हुतं, मी सांगितलं असंल. सगळ्यांनाच तसं वाटत हुतं. मी तोंड उघडलं आन् तोंडातनं हवा आली नुसती. हे तोंड जल्मात कवा बंद पडलं न्हवतं.

मग मी कड्याकडं गेलो. दरड उतरलेली ती जागा अजून पांढरी हुती. तितं जाऊन कड्याला चिकटलो. पोट दगडाला, गाल दगडाला, हात पसरून.

खालच्या टोळीतला कुणीतरी हसला. का न्हाय हसणार? मी कुटं बी काय बी केलं की हसायचं, हे त्यांना म्हाईत. "बघा, आता भिताडाला पाल चिकटली!" कोण म्हणालं. आन् दोघं-चौघं हसली.

मी न्हाय हललो. हळूहळू हसणं बंद पडलं.

"असा हुता," मी दगडालाच सांगितलं, कारण तोंड तिकडंच हुतं. "ताप न्हवता अप्पा. असा हुता. वरनं दरड आली."

मागनं पावलं वाजली. म्हातारा माझ्या बाजूला येऊन उभा ऱ्हायला. गाडगं एका हातात, दुसरा हात त्येनं कड्यावर ठेवला. वर बघितलं. मग मागं वळून बघितलं, तिकडं दरी आन् मोकळं आभाळ. कड्यावरनं हात फिरवत चार पावलं गेला, परत आला.

"हीर गोल असती," त्यो म्हणाला. कुणाला म्हणाला, कळलं न्हाय. "हितं एकच भिंत हाय."

मग मला इचारलं. "तू कुटं हुतास?"

"फुडं."

"कुणाच्या?"

"सगळ्यांच्या. फडकं माझ्याच हातात हुतं."

"मागं बघितलं न्हाईस?"

"न्हाय."

मुकादमानं मान खाली घातली. म्हातारा माझ्या पायाकडं बघत हुता. एवढा येळ बघत हुता की मी बी बघितलं, माझ्या पायाला काय लागलंय का म्हणून.

"मग धाकट्याला तुझ्यागत पळायला शिकवलं पायजे," त्यो म्हणाला. "पळून दाव."

"आं?"

"कसा पळालास ते पळून दाव. हितनं."

ह्यो टोमणा हुता का खरंच इचारत हुता, मला त्या दिवशी कळलं न्हाय, आज बी कळत न्हाय. मी पळालो. सगळ्या टोळ्या उभ्या, आन् मी रिकाम्या वाटंनं, मागं सुरुंग न्हाय काय न्हाय, वळणापत्तोर पळत गेलो आन् परत आलो. कुणी हसलं न्हाय. हसलं असतं तर बरं वाटलं असतं.

"वळणाला डावीकडं का गेलास?"

"तितं वर कडा न्हाय. आभाळ हाय."

"परत एकदा."

परत पळालो. त्येनं ते डोक्यात धरलं, दगूड ऐकणारी माणसं धरत्यात तसं. मग म्हणाला, "आता चल माझ्यासंगं. दारात उभं ऱ्हायचं. आन् ह्या येळंला पाणी पिऊ नगंस."

मुकादमाला इचारायचं बी सुचलं न्हाय. परत तीन दिवसांची वाट. म्हातारा बोलला न्हाय, मी बी बोललो न्हाय, आन् न बोलता चालता येतं हे मला तवा कळलं. गावाबाहेर त्येनं गाडगं बाभळीला टांगलं. दारापत्तोर गेलो. त्यो बाजूला थांबला, मला फुडं केलं. ती बाहीर आली. हातात तांब्या, वाटीत गूळ. तिनं पयलं माझ्या मागं बघितलं, कोण कोण आलंय ते. मग तांब्या फुडं केला. घसा कोरडा ठणठणीत हुता माझा.

मी मान हलवली.

तिनं तांब्या मागं घेतला न्हाय. कडंला धाकटा उभा हुता, त्येनंच त्यो तिच्या हातातनं सोडवून घेतला. "त्या दिवशी तर प्याला हुतास की रं," एवढंच ती मला म्हणाली, रडायच्या आदी. त्येचं उत्तर मी अजून शोधतोय. सून इचारतीया हितं काय लिहू. मी म्हणलं, असंच सोड.

तेराव्यानंतर धाकटा घाटावर आला. बानं त्येला गावच्या पांदीत कितीतरी डाव पळवलता म्हणं, लोकं म्हातारा भरमिष्ट झाला म्हणायची. पयला सुरुंग लागला. मी फडकं हलवलं, वरडलो, आन् जल्मात पयल्यांदा थांबलो. मागं बघायचं म्हणून. तेवढ्यात धाकटा माझ्या बाजूनं सुटला असा की वाऱ्यानं फडकं हातातनं उडालं. वळणाला डावीकडं. मी शेवटाला पोचलो तर त्यो तितं उभा, धापा टाकत, मागं वळून बघत हुता, कोण ऱ्हायलंय का.

ते त्येला मी न्हवतं शिकवलं.